रिव्हॉल्वरला लावलेलं खोबरेल

शनिवारी दुपारी भट्टी विझली की दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि मामा आतून हाक मारायचे, "आरं बीएस्सी, ये. हिचं तेलपाणी कर."

ही म्हणजे मामांची रिव्हॉल्वर. गोळ्या काढून ते स्वतःच्या खिशात टाकायचे आणि ती काळी, जड वस्तू वर्तमानपत्रावर माझ्यापुढे ठेवायचे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पुढे आयुष्यात मी आजाऱ्यांचं केलं, तुंबलेली मोरी हाताने मोकळी केली. पण त्या वस्तूची जितकी किळस आली, तितकी दुसऱ्या कशाची आली नाही.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. आमच्या दुष्काळी भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. गलाई म्हणजे जुनं, हिणकस सोनं वितळवून, तेजाबात घालून शुद्ध करून देणं. मामा तरुणपणी बंगलोरला आले आणि मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांनी दुकान टाकलं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी तालुक्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो. वडील यंत्रमागावर कामाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पदवी घेऊन वर्षभर घरी बसलेलाही मीच पहिला. मामांनी आईला निरोप धाडला, "पोरगं धाडून दे. रसायनं शिकलाय, माझ्या कामाचा हाय." दुकानाच्या माळ्यावर त्यांनी मला खाट दिली. मामी रोज दोन वेळचा डबा पाठवायच्या. त्या माणसांचं ऋण मी आजही मानतो. नोकरीचं पत्र कुठूनच येत नव्हतं, त्या दिवसांत त्यांनी मला हाक मारली होती.

म्हणूनच बोलता येत नव्हतं.

दुकानात तेजाबाचा पिवळट-तांबडा धूर असायचा. तो लोखंड खायचा. खिडकीचे गज बारीक झाले होते, भिंतीतले खिळे हाताने मोडायचे. रिव्हॉल्वरला एक आठवडा तेल चुकलं तर घोड्याच्या खाचेत तांबडा गंज धरायचा, बऱ्या होत आलेल्या जखमेवरच्या खपलीसारखा. म्हणून दर शनिवारी तेलपाणी.

हे काम मला शिकवलं अण्णांनी. अण्णा दुकानाचे राखणदार. राहायचे बंगलोरातल्याच चामराजपेटेत. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, म्हणून घरात मराठी बोलायचे, पण मधे मधे कानडी शब्द पेरलेली. फौजेत बरीच वर्षं काढून ते परतले होते. मामा तयार सोनं पोचवायला निघाले की अण्णा कमरेला रिव्हॉल्वर लावून सोबत जायचे. परवान्यावर मालक म्हणून मामांचं नाव होतं आणि खाली, हत्यार बाळगणारा नोकर म्हणून अण्णांचं. त्या एका ओळीवर त्यांचा फार जीव. त्या पानाची झेरॉक्स ते शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवत आणि चहावाल्यालाही उलगडून दाखवत. "सरकारनं लिहून दिलंय, मगा. ह्या माणसावर भरवसा आहे म्हणून." मगा म्हणजे कानडीत लेकरू, ते मला तसंच म्हणायचे.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. बारीक खाचा दिसेनात, म्हणून काम माझ्याकडे आलं.

"स्वल्पच तेल घालायचं," ते बंदुकीच्या तेलाची डबी उघडून, शेजारी बसून सांगत. "एक थेंब इथं, एक थेंब घोड्याच्या मुळाशी. मग सगळं पुसून टाकायचं. बोटाला तेल लागलं नाही पाहिजे, बोट घसरलं तेवढं पाहिजे. समजलं?"

समजायचं. पण बोटाला तेल लागायचंच. नळीत काडीवर गुंडाळलेली बनियनची चिंधी घातली की पलीकडून काळा, बुळबुळीत गोळा बाहेर यायचा. त्या तेलाला रॉकेल, ओलं लोखंड आणि पोट बिघडलेल्या माणसाचं तोंड, असा एकत्र वास होता. रिव्हॉल्वरचं चामड्याचं म्यान अण्णांच्या कमरेच्या घामाने आतून पांढरं पडलेलं. मुठीवरच्या नक्षीत दोन माणसांच्या तळहातांचा मळ बसला होता. तो टाचणीने काढायचा. काढला की टाचणीवर राखाडी वळी यायची, कानातून काढावी तशी.

आणि लगेच जेवण. शनिवारी उशिरा जेवायचो आम्ही. मामींच्या डब्यातली ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ. मी राखेने, मग मातीने, मग चिंचेच्या कोळाने हात धुवायचो. तरी घास तोंडाशी नेला की तो वास भाकरीच्या आधी पोचायचा. मामा आणि अण्णा त्याच वस्तूला हात लावून, नुसते धोतराला हात पुसून जेवायला बसत. मामा त्याच बोटाने लोणच्याचा खार चाटत. मी पाणी प्यायचो आणि सांगायचो, भूक नाही.

"शिकल्यावर भूक मरती का काय रं?" मामा हसायचे. "आमी आडाणी, आमाला लोखंड दिलं तरी पचतंय."

ज्या माणसाने ताट वाढलं, त्याला ह्या ताटावर तुमच्या रिव्हॉल्वरचा वास येतो, असं कसं सांगायचं?

मग दसरा आला. बंगलोरात आयुधपूजेचा थाट काही वेगळाच असतो. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, जो तो आपल्या हत्यारांची पूजा करतो आणि रस्त्यावर कुंकू भरलेले कोहळे फोडतात. दोन दिवस आमच्या गल्लीत कोहळ्यांचा लाल गर चिकटून कुजत होता आणि चप्पल उचलली की बियांसकट तार यायची. दुकानात मामांनी पाट मांडला. त्यावर काटा, सांडशी, मूस आणि मधोमध रिव्हॉल्वर. मामींनी ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढली. घोड्यावर, नळीवर, मुठीवर, गोळ्यांच्या चक्रावर. वर अक्षता, झेंडू, उदबत्ती. पूजेतली हत्यारं दसरा होईस्तोवर हलवायची नाहीत, म्हणून ती तशीच राहिली.

शनिवारी ती माझ्यापुढे आली तेव्हा खाचाखाचांत कुंकू वाळून बसलं होतं. तेलाचं बोट लावलं आणि ते कालवलं गेलं. लाल चिखल झाला. पाटाखालून झुरळांनीही आपला कार्यक्रम उरकला होता. चक्राच्या एका खणात अक्षतांचे कुरतडलेले दाणे आणि त्यांची काळी घाण होती. मी चिंधी टाकली आणि मागच्या मोरीवर जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी अण्णा डोळ्याच्या दवाखान्यात गेले होते. मामा गिऱ्हाइकाशी बोलत होते. मोरीच्या कट्ट्यावर मामांची खोबरेल तेलाची बाटली होती.

ती मी उघडली आणि हुंगली. आईच्या डोक्याचा वास. अंघोळीच्या आधीचा, शाळेत जायच्या आधीचा.

मी आत आलो, लाल चिखल जमेल तसा पुसला, आणि त्या डबीतल्या तेलाऐवजी खोबरेल घातलं. घोडा मऊ फिरला. चक्र फिरलं. बोटांना घरचा वास आला. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या.

"आज लागली व्हय भूक!" मामा खूष झाले.

पुढचे दोन-अडीच महिने मी तेच केलं. डबी उघडायचो, बाजूला ठेवायचो आणि खोबरेल वापरायचो. कुणाला कळलं नाही. दुकानातल्या तेजाबाच्या धुरात मामा-अण्णांच्या नाकांना काही कळत नसे, आणि मामांच्या केसांना तोच वास होता. अण्णा म्हणाले होते, आता तुझं तू कर, म्हणून ते शनिवारी पुढच्या बाकावर डोळे मिटून पडत. डिसेंबरात चक्र थोडं जड लागायला लागलं. मी काय केलं, तर आणखी तेल घातलं. थेंबाचा हिशेब केव्हाच सुटला होता. भट्टीशेजारी ते पुन्हा मोकळं फिरायचं आणि मी निश्चिंत व्हायचो.

रसायनशास्त्राच्या पदवीधराला इथे स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं पाहिजे. आमच्या गावी थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतात, हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. तेलं कोणत्या तापमानाला गोठतात, याचा तक्ता मी प्रॅक्टिकलच्या वहीत पाठ करून लिहिला होता. पण भट्टीजवळ कायम उकडायचं, आणि दुकानाबाहेर बंगलोरची थंडी आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

जानेवारीत परवान्याचं नूतनीकरण होतं. हत्यार घेऊन कचेरीत जायचं, तिथला हवालदार ते तपासतो, मग सही. आदल्या दिवशी मामा रिव्हॉल्वर घरी घेऊन गेले आणि ती रात्रभर त्यांच्या लोखंडी कपाटात राहिली. सकाळी मामा, अण्णा आणि मी असे तिघे निघालो. इंग्रजी अर्ज भरायला म्हणून मी. रिक्षात दात वाजत होते. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर फौजेतली पदकाची पट्टी लावली होती.

हवालदाराने रिव्हॉल्वर हातात घेतली. चक्रावर अंगठा दाबला. फिरेना. पुन्हा दाबला. घोडा मागे ओढला, तो अर्ध्यात थांबला आणि तिथेच राहिला, जांभई देताना माणूस थिजावा तसा. त्याने वाकून पाहिलं, टेबलावरची पिन उचलून खाचेत घातली आणि बाहेर काढली. पिनेवर पांढरट-गुलाबी चरबी होती. तिच्यात एक बारीक, केसाळ तंगडी.

"एनु स्वामी इदु?" तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे हे काय आहे महाराज, आणि मग शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असं हिंदीत, "बंदूक है या बर्फी? पूजा का प्रसाद लाये क्या?"

सगळं ऑफिस हसलं. अण्णांनी हात पुढे केला. पिनेवरची चरबी बोटावर घेतली, दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली. मोकळ्या हवेत त्यांच्या नाकाला सगळं कळत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या धुरकट डोळ्यांना मी किती दिसत होतो कोण जाणे. मग ते हवालदाराला कानडीत एवढंच म्हणाले, "सरी," म्हणजे बरं.

पंधरा दिवसांनी हत्यार दुरुस्त करून आणा, नाहीतर जमा करून घेऊ, असं सांगून कचेरीवाल्यांनी आम्हाला परत पाठवलं.

दुकानात आल्यावर मामा बोलले. "अण्णा, डोळं गेलं ते गेलं, आता हातबी गेला तुमचा? रस्त्यात कुणी आडवा आला असता म्हंजी? मी काय त्याला बर्फी चारली असती?"

अण्णा उभे होते. "चुकलं, शेठ."

"पोराला नीट दाखवलं न्हाई तुमी. बसा आता घरीच. कागद नवा करायचाच हाय, त्यातनं तुमचं नाव काढतो. माझा पुतण्या येतोय गावाकडनं."

अण्णांनी शर्टाच्या खिशाला हात लावला. वाटलं, आता माझं नाव घेतील. त्यांनी ती घडी घातलेली झेरॉक्स काढली, काउंटरवर ठेवली आणि वाकून अर्ध्या शटरखालून निघून गेले. पदकाची पट्टी शटरला घासली, त्याचा आवाज आला.

मी काही बोललो नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो. मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे नऊ दिवस नाही. डबा आला की जेवायचो. बोटांना तेलाचा वास नव्हता, कुठलाच नव्हता, तरी घास उतरत नव्हता. आता मला लोखंडाची शिसारी वाटत नव्हती. रात्री माळ्यावर स्वतःच्याच अंगाला हात लागला की वाटायचं, हे काढून कुठे टाकता आलं तर बरं.

दहाव्या दिवशी मामांनी नवा अर्ज माझ्यापुढे ठेवला. "भर. खाली पुतण्याचं नाव लिही."

मालकाचं नाव मी लिहिलं. पत्ता लिहिला. मग तो रकाना आला. हत्यार बाळगणारा नोकर. पेन टेकवलं तर तिथे शाईचा ठिपका पसरत गेला.

"काय झालं? स्पेलिंग येत न्हाई व्हय त्याच्या नावाचं?"

"मामा, ते खोबरेल मी घातलं होतं."

त्यांना कळायला वेळ लागला. मग मी सगळं सांगितलं. वास, भाकरी, मोरीवरची बाटली. अण्णांना ठाऊक नव्हतं, हेही.

"का?" मामांनी विचारलं.

"घाण वाटायची."

मला वाटलं होतं ते मारतील. ते उठले आणि कोपऱ्यातलं पोतं ओढत माझ्यासमोर आणलं. त्यात सराफांच्या दुकानांपुढच्या गटाराचा गाळ होता. तो आम्ही धुऊन, जाळून, त्यातलं सोनं काढायचो. गलाईवाल्यांचं ते जुनंच काम. त्यांनी माझा हात धरून मनगटापर्यंत त्या गाळात बुडवला. थंड, गिळगिळीत, केसांच्या गुंतवळ्यांनी भरलेला.

"ह्यातनं सोनं निघतंय, बीएस्सी. तुझी खाट ह्यातनं, तुझी भाकरी ह्यातनं. घाण वाटती तर वाटू दे, मलाबी वाटती. तीस वर्सं वाटतीया. तोंडानं सांगाया काय झालं हुतं? साबण आणून दिला असता." मग ते थांबले. त्यांचा आवाज खाली आला. "आन् त्या माणसाला मी चारचौघांत बोललो."

त्यांनी मला हात धुवायला सांगितलं आणि म्हणाले, "जा चामराजपेटेत. मी न्हाई येणार. आधी तू जा."

अण्णांचं घर दोन खोल्यांचं. ते ओट्यावर बसून शेंगा निवडत होते, डोळ्यांनी नाही, बोटांनी. मी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "डोळे गेले, नाक जागेवर आहे. कचेरीत वास घेतला तेव्हाच कळलं, हे कुणाच्या तरी आईचं तेल आहे."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलू? शिकवलेलं पोर चुकलं असं? मग शिकवलं कुणी?" त्यांनी एक किडकी शेंग बोटांनी ओळखून बाजूला टाकली. त्यांच्या आवाजात माया नव्हती. "पण तू दहा दिवस लावलेस, मगा. ते मला आवडलं नाही."

"चला ना परत."

"शेठ स्वतः येऊन बोलवू देत. आणि सांग त्यांना, पुढच्या दसऱ्याला तिला कुंकू लावायचं नाही. पाटावर ठेवा, कागदात गुंडाळून ठेवा, कुंकू कागदाला लावा. माझं नाव परवान्यावर राहायचं असेल तर ही अट."

मामा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुपारी दोघं एका रिक्षातून उतरले आणि अण्णा कोट काढून थेट माझ्यासमोर बसले. "आण तिला. रॉकेल आण. दात घासायचा जुना ब्रश आण."

त्या दुपारी मी जे काढलं त्याचं वर्णन टाळलं तरी चालेल, पण मी टाळत नाही. चरबीला आता खवट वास होता, जुन्या फरसाणाच्या डब्याचा. रॉकेल लागलं की ती विरघळायची आणि तिच्यासोबत कुंकू, गंज आणि झुरळांचे पंख वाहून माझ्या बोटांवर यायचे. दहा दिवस पडून राहिलेल्या नळीतून झुरळाच्या अंड्यांची एक तपकिरी पेटी निघाली, शाबूत. ती चिंधीवर फुटली. मी उठलो, मोरीपर्यंत पोचलो नाही, दारातच ओकलो.

अण्णा हलले नाहीत. "झालं? दार धुऊन टाक. मग घोड्याच्या खालचं राहिलंय."

शेवटी त्यांनी जुनी डबी उघडायला लावली. एक थेंब इथं, एक थेंब घोड्याच्या मुळाशी. मग मी पुसलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, चक्र फिरवलं. ते फिरत राहिलं.

मी राखेने हात धुतले आणि आत आलो. मामांनी नवा अर्ज काउंटरवर ठेवला होता, कारण जुन्यावर शाईचा डाग पडला होता. रकान्यात मी अण्णांचं नाव इंग्रजीत मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, त्यांना वाचता यावं म्हणून. त्यांनी कागद नाकाजवळ धरून एकेक अक्षर पाहिलं. मामींचा डबा आला होता. मी भाकरी मोडली. तेलाचा वास आधी आला, मग भाकरीचा. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"मामा," मी म्हणालो, "मला साबण पाहिजे."

"आणतो," ते म्हणाले. "जेव आधी."